बाळारामकाकांचा पूल

अंजूरला आमच्या बाळारामकाकांच्या घरामागे स्विमिंग पूल आहे. त्यात पाणी नाही, लाद्या नाहीत, खड्डाही नाही. तीन वर्षांपूर्वी काकांनी परसात फक्कीने वीस बाय बाराचा चौकोन आखला, तोच पूल. रेघ पुसट झाली की ते डबा घेऊन पुन्हा आखतात. आणि त्या रेघेच्या आत कोणालाही पाय ठेवू देत नाहीत.

"कडंनी जा, कडंनी! पूल हाय!"

एकदा गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन सरळ मधून आला. काकांनी त्याला सिलिंडरसकट फाटकापर्यंत परत पाठवलं.

"चाचा, सूखा तो है," तो बिचारा कळवळला.

"आज सूखा है. पानी भरेगा तब क्या करेगा? आदत डालो."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वय सत्तरीच्या आसपास. शेतावर गोडाऊन उभं राहिलं तेव्हापासून त्यांना एकच काम उरलंय, निर्णय घेणं. तेही ते पुरं करत नाहीत, नाहीतर तेवढंही संपेल. पूलचं काय झालं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "फायनल हाय. फक्त इचार चालूय."

पहिल्यांदा बातमी फुटली तेव्हा तर मोठाच घोटाळा झाला. 'बाळाराम पूल बांधतोय' एवढंच गावात पसरलं. गावामागच्या नाल्यावर पूल व्हावा ही लोकांची जुनी मागणी. चार म्हातारे नारळ आणि शाल घेऊन काकांच्या ओटीवर हजर. काकांनी त्यांना परसात नेऊन चौकोन दाखवला. म्हाताऱ्यांनी तो चारही बाजूंनी पाहिला.

"म्हंजे यावरनं पलीकडं जाता येनार न्हाय?"

"न्हाय."

"मंग कनाला बांधतंय?"

शाल आणि नारळ दोन्ही परत गेले. रखमाकाकी दारातूनच म्हणाली, "न्हानीचा नल गलतंय तो आदीं बंद कर. मंग आन समुद्र घरात."

आता थोडं माझ्याबद्दल. विचारलं नसलं तरी सांगतो, कारण सांगायला मला आवडतं. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.ए., इतिहास. शेजारच्या वळ गावात एका गोडाऊनमध्ये आलेली-गेलेली खोकी लिहितो, पण घराच्या पाटीवर नावानंतर 'बी.ए.' आहे आणि ती दोन अक्षरं नावापेक्षा मोठी आहेत. पेंटर म्हणाला होता, बरं दिसणार नाही. मी म्हटलं, तुला काय कळतंय.

तर काकांचा सल्लागार मी. "तू शिकलेला हायेस, तू सांग." मला पोहता येत नाही. पूलबद्दल माझं सगळं ज्ञान म्हणजे मोहेंजोदडोचं महास्नानगृह, तेही आठ मार्कांपुरतं. पण पदवीधराने 'माहीत नाही' म्हणायचं कसं? मी ओटीवर बसून आठच्या आठ मार्क सांगितले. भाजक्या विटा. पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर. दोन्ही बाजूंनी पायऱ्या. काका हात जोडून ऐकत होते.

"मंग त्या लोकांचा काय झाला?"

"कोणत्या?"

"पूलवाल्यांचा."

"त्यांची संस्कृती लयाला गेली, काका."

काकांनी जोडलेले हात सोडवले. मग म्हणाले, "बघ." पुढचे सहा महिने विषय बंद.

खोलीचीही तीच तऱ्हा. मागच्या भिंतीवर काकांनी कोळशाने लिहून ठेवलं होतं, 'खोली अडीच फूट'. दुसऱ्या वर्षी अडीच खोडून तीन झालं. 'आमच्या काकांचा पूल न खणता खोल होतोय' असं मी गोडाऊनमध्ये सांगायचो, सगळे हसायचे. हे काका म्हणजे भरतीच्या वेळी खाडी पोहून पार करणारा माणूस.

"काका, तीन फुटांत तुम्ही पोहणार की बसणार?"

"पायऱ्या बारीक घेव. सहा इंची."

हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी मनात निदान केलं, कंजूष. बी.ए.चं निदान.

गेल्या महिन्यात ठाण्याहून पूल बांधणारा एक माणूस आला. गळ्यात टाय, हातात चित्रांचं पुस्तक. त्याने टेपने चौकोन मोजला आणि रेघ अगदी काटकोनात असल्याबद्दल काकांचं कौतुक केलं. फॉर्म भरला. सही तेवढी राहिली. काकांनी पेन हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सांग. करू?"

तीन वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो. मी उभा राहिलो, बसून बोललो असतो तरी चाललं असतं. म्हटलं, "काका, जागा आहे, ऐपत आहे, इच्छा आहे. मग अडलंय कुठे? माणसाने एकदा ठरवलं की मागे बघू नये. करा सही."

काकांनी पेनाला टोपण लावलं. टायवाल्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "फायनल हाय. फक्त इचार चालूय."

मी भडकलो. "मग मला विचारता कशाला? माझ्या शिक्षणाला काही किंमत आहे की नाही?"

काका परसात गेले आणि चौकोनाच्या कडेला खाली बसले. मीही नाइलाजाने शेजारी टेकलो. घरातून न्हाणीचा नळ ठिबकताना ऐकू येत होता.

"जितूची पोरा इथं येत न्हायत," काका म्हणाले. जितू त्यांचा मुलगा, ठाण्याला टॉवरमध्ये राहतो. "तो बोलतंय, बाबा, पोरांना तिकडं करमत न्हाय, इथं खाली पूल हाय. म्हनून मी ही रेघ मारली."

"मग बांधा ना, काका. येतील."

"आता कोनी इचारला, नातवंडा का येत न्हाय, तं मी सांगतंय, आमच्याकडं पूल न्हाय ना अजून. बरा वाटते सांगाय." त्यांनी कडेची फक्की बोटाने सरळ केली. "उद्या पूल बांदला, पानी भरला. आनि तरी न्हाय आली, तं मंग काय सांगू? तू शिकलेला हायेस. सांग."

मी भिंतीकडे पाहिलं. अडीच खोडलेलं, तीन लिहिलेलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

थोड्या वेळाने काका गुडघ्यावर हात ठेवून उठले. चुलीतला कोळसा आणला.

"थोरला पाचवीत गेला यंदा. पाचवीतला पोर केवडा असतंय रं?"

मी उभा राहिलो आणि अंदाजाने छातीपाशी हात धरला. काका जवळ आले. माझ्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"येवडा?"

"एवढा असेल."

"वाडला," ते म्हणाले. मग कडेकडेने भिंतीपर्यंत गेले, तीन खोडलं आणि साडेतीन लिहिलं. त्यांचं लिहून होईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.