एक्सरेवाले गुणवंतकाका

२५ ऑक्टोबर २०२२, दुपारी चार वाजता, म्हणजे सूर्याला ग्रहण लागण्याच्या सुमारे पाऊण तास आधी, आमच्या शेजारचे गुणवंतकाका अंगणातल्या खाटेवरची गादी उलटवून तिच्याखालून अर्ध्या कारधा गावाची हाडे बाहेर काढत होते.

हाडे म्हणजे एक्सरेच्या फिल्म. गावात ज्याचे म्हणून हाड मोडले, त्याची फिल्म आज ना उद्या काकांच्या गादीखाली जमा होते. इतर लोक आजाऱ्याला भेटायला जाताना केळी नेतात. काका रिकाम्या हाताने जातात आणि परतताना काहीतरी घेऊन येतात. खाटेच्या कडेला बसून ते आधी प्लास्टरवर टिचकी मारतात आणि विचारतात, "जुडन न?" उत्तराची वाट न पाहता पुढे म्हणतात, "जुडलं का फोटो मले देजो. तुले आता तो कायच्या कामाचा?" एक्सरेला ते फोटोच म्हणतात. त्यांच्या मते माणसाचा खरा फोटो तोच, कारण त्यात कोणी उगीच हसत नाही.

परिणामी त्यांची माणसे ओळखण्याची पद्धत वेगळी आहे. चेहरे ते विसरतात, हाडे विसरत नाहीत. भर लग्नात त्यांनी एका नवरदेवाला, "तू त्या डाव्या मनगटाचा पोरगा न?" असे विचारले होते. मी लहानपणी सायकलवरून पडले आणि माझे गळ्याजवळचे हाड मोडले. ती फिल्मही अर्थातच त्यांच्याकडे आहे. आज मी नागपूरला भौतिकशास्त्रात संशोधन करते. परंतु काका पाहुण्यांना माझी ओळख करून देतात ती "हे आपली हसली" अशी. हसली म्हणजे तेच हाड.

हा सारा संग्रह ग्रहणासाठी. काका निवृत्त लाइनमन आहेत. आयुष्यभर मान वर करून काम केल्यामुळे आकाशात जे घडते त्यावर आपला थोडा हक्क आहे, असे त्यांना वाटते. दर सूर्यग्रहणाला ते गल्लीत फिल्म वाटतात आणि सुटल्यावर एकेक करून परत गोळा करतात. अलीकडे मात्र पुरवठ्याची अडचण निर्माण झाली आहे. "आता दवाखानेवाले फोटो मोबाईलवर धाडतेत," त्यांनी मला खेदाने सांगितले. "मोबाईलमधून सूर्य पाहू का मी?"

दिवाळीला येताना मी सर्वांसाठी प्रमाणित सौरचष्मे आणले होते. शिवाय एक दोन नळ्यांची दुर्बीण, तिची तिपाई आणि प्रतिमा पाडण्यासाठी पांढरा पुठ्ठा. खाटेशेजारी उभी राहून मी काकांना समजावले, की फिल्म डोळ्याला दिसणारा प्रकाश अडवते, पण डोळ्याचा पडदा भाजणारे किरण आरपार जाऊ देते. आणि पडदा भाजताना दुखत नाही, म्हणून माणसाला पत्ताही लागत नाही. विरोधाची तयारी ठेवून मी पुढचे तीन मुद्दे मनात मांडून ठेवले होते. त्यांची गरज पडली नाही.

"बरोबर आहे तुहं," काका म्हणाले. "माह्या डाव्या डोळ्यात तेच झालं. जवान होतो तव्हाच्या एका गिरानापासून मधात डाग आहे. डाव्यानं पाहिलं त तुहं नाक गायब. बाकी बरी दिसतेस."

एवढे बोलून ते उठले, फिल्म गादीखाली परत सारल्या आणि गल्लीभर फिरून स्वतःच्या हाताने माझे चष्मे वाटून आले. एका आजोबांनी हट्टाने जुनी फिल्म मागितली, तर काका त्यांच्यावर डाफरले, "डोळा भाजन. चष्मा घाल मुकाट्यानं." आपला चष्मा त्यांनी खिशात ठेवला. शिक्षणाचा इतका जलद परिणाम मी प्रथमच पाहत होते.

पाचच्या सुमारास आम्ही नदीवर जमलो. वैनगंगेच्या पलीकडे भंडारा, आणि भंडाऱ्यावर उतरलेला सूर्य. मी, माझ्या दोन-तीन मैत्रिणी आणि काका. मैत्रिणींपैकी प्रणाली परिचारिका आहे. शाळेपासून ती माझ्यापेक्षा कमी बोलते आणि जास्त पाहते. ग्रहण नुकतेच लागले होते. सूर्याच्या कडेचा एक लहान लचका गेलेला चष्म्यातून स्पष्ट दिसत होता. काका मात्र पाण्याकडे पाहत बसले होते.

"काका, लागलं ग्रहण. चष्मा घाला."

"घालतो न."

"कधी?"

"कानाले टोचते थो."

मी त्यांना दुसरा, मऊ कडांचा चष्मा दिला. तो त्यांनी उलटसुलट केला आणि म्हणाले, "हा त कागदाचा आहे." मी भिंगाच्या जागची काळी फिल्म आणि तिचे प्रमाणपत्र समजावले. ते त्यांनी मान्य केले आणि घाम येतो असे सांगितले. ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी नदीवर गार वारा सुटलेला होता. प्रत्येक कारण मी दूर करावे आणि त्याच्या जागी नवे उगवावे, असे चालले. इतरांना सक्तीने चष्मा घालायला लावणारा, डाव्या डोळ्याची हानी स्वतः सांगणारा, धोका पूर्णपणे कळलेला हा माणूस स्वतःच चष्मा का नाकारतो, याची संगती मला लागेना. अविश्वास नव्हता, चष्मा फुकट होता, हट्टही म्हणावा तर आवाज गरीब होता. माझा पुरता गोंधळ उडाला.

"तू कारणं कायले ऐकून राहिली?" प्रणाली माझ्या कानाशी म्हणाली. "सदरा पाह्य त्याहिचा. हालले का वाजते."

खरोखरच वाजत होता. त्याच क्षणी काकांनी वरची दोन बटणे सोडली, आतून एक मोठी फिल्म ओढून काढली, डावा डोळा मिटला आणि ती सूर्यासमोर धरली. मी धावत जाऊन मध्ये उभी राहिले.

"सरक, हसली."

"काका, हा एकच डोळा उरलाय तुमचा."

"एकानंच पाहा लागते. दोन कायले पाहिजेत?"

ती छातीची फिल्म होती. काळ्या फुफ्फुसांच्या मधोमध हृदयाची जागा जवळजवळ पारदर्शक होती, आणि काका नेमके तिथूनच पाहायला निघाले होते. एवढ्या मोठ्या फिल्मवर याहून धोक्याची जागा शोधूनही सापडली नसती. प्रणालीने कोपऱ्यातले नाव वाचले. डोमाजी.

डोमाजींचा पुलाजवळ पानठेला होता. काका रोज संध्याकाळी तिथे जात, पान खात आणि डोमाजींशी भांडत. विषय कोणताही चाले. श्रावणात डोमाजी वारले. तेव्हापासून काका संध्याकाळी कुठे जातात, हे आमच्या घरात कोणी विचारलेले नव्हते; मीही नाही.

"चाळीस वर्षं झाली, एक गिरान पुरं पाहिलं न्हाई त्यानं," काका म्हणाले. फिल्म त्यांनी खाली घेतली होती, सोडली नव्हती. "फोटोतून जराक पाहे, अन् ठेल्यावर गिऱ्हाईक उभं आहे म्हणून पळे. औंदा पोरानं ठेला धरला. डोमाजी म्हणे, गुणवंता, औंदा बसून पाहू. मंग खोकला लागला. पोरगा हा फोटो कपड्यायसंग नदीत सोडून राहिला होता, मीच मागून घेतला."

"पण काका, चष्म्यातून पाहिलं तर—"

"चष्म्यातून त मी पाहीन. त्याले कसं दिसन?"

प्रश्न तर्काला धरून नव्हता, आणि तरीही मला त्यात चूक दाखवता येईना. सूर्य खाली जात होता. काकांनी फिल्म पुन्हा उचलली. आपण याहून अधिक वेळ त्यांच्यासमोर उभे राहू शकणार नाही, हे मला कळत होते.

"असं करू," मी म्हणाले. "त्यांनाच पाहू द्या. तुम्ही त्यांच्याकडे पाहा."

तिपाईवरच्या दुर्बिणीचे एक भिंग झाकून दुसरे मी सूर्याकडे वळवले. मागे पांढरा पुठ्ठा उभा केला, आणि काकांच्या हातातली फिल्म त्याच्यावर लावली. सूर्याकडे आता सर्वांची पाठ होती. लचका तुटलेले ते पिवळे बिंब प्रथम फुफ्फुसावर पडले आणि तिथल्या काळ्यात बुडून दिसेनासे झाले. काकांनी फिल्म जराशी सरकवली. हृदयाच्या जागी ते स्वच्छ उमटले. यात भावनेचा भाग नाही. फिल्म तिथेच पारदर्शक होती, दुसरीकडे ते उमटणे शक्यच नव्हते.

काका पुठ्ठ्यासमोर मांडी घालून बसले. बिंब हळूहळू कडेकडे घसरू लागले.

"पाह्य, निघाला हा. बस न गा घडीभर, कोण बलावून राहिलं तुले?"

"काका, पृथ्वी फिरते आहे, म्हणून ते सरकतं."

"मले माहीत आहे. मी याले सांगून राहिलो."

त्यानंतर दर थोड्या वेळाने मी दुर्बीण हलवत राहिले आणि काका फिल्म. प्रत्येक वेळी बिंबाची जागा मी सवयीने वहीत टिपून ठेवत होते. मैत्रिणींनी चष्मे केव्हाच काढून ठेवले होते आणि त्या पुठ्ठ्याभोवती येऊन बसल्या होत्या. कोणीतरी हळूच विचारले, ग्रहण सुटताना दिसेल का? मी खरे ते सांगितले, की नाही. सूर्य ग्रस्त असतानाच मावळेल. काकांनी मान वर केली नाही. "बसू मंग मावळेपर्यंत," ते म्हणाले, "घाई कोनाले आहे?"

बिंब लालसर होऊन पलीकडच्या झाडांमध्ये शिरू लागले, तेव्हा मी पट्टी घेऊन काकांच्या खांद्यावरून वाकले. त्यांनी फिल्म दोन्ही हातांनी धरून ठेवली. प्रणालीने फासळ्या मोजून दिल्या. शेवटची नोंद अशी: बिंबाचे स्थान, छातीची डावी बाजू, चौथ्या आणि सहाव्या फासळीच्या दरम्यान, व्यास, अठ्ठेचाळीस मिलिमीटर.