मामाचे स्पीकर, भाचीची मागणी

"चिनारा उद्या येतेय," बहीण फोनवर म्हणाली. "तिसरं काय मागायचं ते ठरलंय म्हणे तिचं. मला सांगत नाही. एवढंच म्हणाली, की मामाच्या अंगणातच आहे."

एसेनगुलने फोन कानाला तसाच धरून खिडकीतून पाहिलं. अंगणात जर्दाळूचं झाड होतं. दोरीवर मोजे वाळत होते. तायगान जातीच्या शिकारी कुत्रीचं एकुलतं एक पिल्लू स्वतःच्याच शेपटीमागे गरगर फिरत होतं. आणि या सगळ्याच्या मधोमध, उन्हात लालबुंद चमकत, त्याची गाडी उभी होती. दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, स्टिअरिंग इथल्या गाड्यांसारखं डावीकडे नाही, उजवीकडे, म्हणजे थेट जपानहून आलेली. वयाने चिनारापेक्षा मोठी, पण पळायला लागली की हरीण!

एसेनगुलला झाड दिसलं नाही, मोजे दिसले नाहीत, पिल्लूही दिसलं नाही.

"संपलो मी," तो म्हणाला.

आमच्याकडे बहिणीच्या लेकराने काही मागितलं, तर मामाला नाही म्हणता येत नाही. आयुष्यात तीनदा. नाही म्हणणारा मामा काराकोलमध्ये अजून जन्मलेला नाही, आणि जन्मलाच तर त्याला लग्नाला कोण बोलावणार? लहानपणी चिनाराने कोकरासकट मेंढी मागितली होती. मग शिकारीची दुर्बीण. दोन्ही वेळा एसेनगुलने हसत दिलं. म्हणजे दात तरी दाखवले.

"अहो, सरळ विचारा ना तिला काय हवंय ते," गुलबारामामी म्हणाली.

"विचारू? आणि तिच्या डोक्यात गाडी नसलीच तर? आपणच नेऊन घालायची?"

"मग माझ्या भावाकडे ठेवा चार दिवस."

"भाची यायच्या आधी वस्तू लपवणारा मामा! लोक तोंडावर थुंकतील. गाडी इथेच राहील. फक्त ती तिला आवडता कामा नये."

चहाच्या तिसऱ्या वाटीला युक्ती सुचली. सोळा वर्षांच्या मुलीला गाडीत काय हवं असतं? इंजिन? छे! गाणी! दोन्ही दारांतले स्पीकर काढले, की उरलं काय? पत्रा. तसाही उजव्या दारातला स्पीकर बिघडलेलाच होता. ढोलाचा ठोका पडला, की डब्यात माशी अडकल्यासारखा गुणगुणायचा. तो दुरुस्त करायला एसेनगुलला तीन हिवाळे वेळ मिळाला नव्हता. काढायला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळाला.

डावं दार सहज उघडलं. उजव्याने दगा दिला. दाराच्या आतलं आवरण ओढताना प्लास्टिकच्या जुन्या खुंट्या टकाटक मोडल्या. मग त्याने स्पीकरचा समजून भलताच नट सैल केला, आणि खिडकीची काच धप्पकन दाराच्या पोटात गेली! तो आत हात घालून काच चाचपतोय, तोच रस्त्यावर व्हॅन थांबल्याचा आवाज आला. एसेनगुल दोन्ही स्पीकर घेऊन गोठ्याकडे पळाला, पेंढ्यात खुपसले, आणि हात झटकत परत आला.

"मामाऽऽ!"

चिनारा आली, की आधी आवाज येतो, मग वेण्या येतात, मग ती. बालिक्चीपासून अख्ख्या व्हॅनशी गप्पा मारत आल्यामुळे ती अगदी ताजीतवानी होती. "अय्या, हे काय झालं गाडीला?"

"म्हातारी झालीये गं," एसेनगुलने सुस्कारा सोडला. "गाणी गेली, काच गेली. पेट्रोल पिते नुसती, आणि खड्ड्यात कण्हते. अशी गाडी शत्रूलाही देऊ नये."

"बिच्चारा मामा!" चिनाराचे डोळे भरून आले. "इतके दिवस एकटाच सोसतोयस? आईला एका शब्दाने सांगितलं नाहीस!"

"चालायचंच."

"चालायचंच काय? अरे, नवरोजला आमच्या शाळेतला माईक बंद पडला, तेव्हा भौतिकशास्त्राच्या सरांनी हात टेकले होते. कुणी दुरुस्त केला? मी! संध्याकाळपर्यंत हिला गायला लावते बघ." आणि तिने बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला. कपड्यांच्या आधी स्क्रूड्रायव्हर!

"अगं, आधी चहा तरी..."

तेवढ्यात गोठ्यातून पिल्लू आलं. ऐटीत. तोंडात स्पीकर होता, आणि त्याचा कागदी पडदा लक्तरासारखा लोंबत होता.

चिनाराने एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा दाराच्या भोकाकडे. "चोर! मामा, हा चोर आहे! दारातून काढून खाल्लान!"

पिल्लाने स्क्रू कसे काढले असतील, हा प्रश्न माईक दुरुस्त करणाऱ्या मुलीला पडायला हवा होता. पण पिल्लाचा चेहरा खरोखरच गुन्हेगारासारखा झाला होता.

"फार वाह्यात आहे तो," एसेनगुल घाईघाईने म्हणाला. "दुसराही त्यानेच संपवला असणार. आता इथे तसे मिळायचे नाहीत. राहू दे."

"न मिळायला काय झालं?" मामी दारातून म्हणाली. तिला सकाळपासून मजा वाटत होती. "माझ्या भावाची मोडीत काढलेली व्हॅन मागच्या गल्लीत पडलीये. तिच्यातले आणा की."

एसेनगुलने बायकोकडे असं पाहिलं, की दुसरी एखादी असती तर घरात गेली असती.

व्हॅनमधले स्पीकर दणकट निघाले, पण दाराच्या भोकापेक्षा भलतेच मोठे. "मधे लाकडाची चौकट लागेल," चिनारा म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून एक छान सपाट फळी घेऊन आली. करवत अर्धी फिरली, तेव्हा मामी किंचाळली. तो तिचा शेवया लाटायचा पाट होता. यानंतर मामीला मजा वाटेनाशी झाली.

"आता हे कशाला?" चिनाराने जाड लोकरी नमद्याचे तुकडे दारात कोंबायला घेतले, तेव्हा एसेनगुल ओरडला.

"पत्रा थरथरायला नको म्हणून. मामा, तू आत बस आणि काच वर धर. हां, अस्सा! हलू नकोस हं."

तो हलला नाही. तिने बाहेरून दार लावलं. आत कुठेतरी एक सळई खट्कन निसटली, आणि दाराची मूठ बायकोसमोर मान हलवणाऱ्या नवऱ्यासारखी नुसतीच वरखाली व्हायला लागली. दार उघडेना. डाव्या दाराने निघायचं तर काच सोडायला हवी. काच सोडावी तर फुटणार.

"चिनारा! मी अडकलो!"

"थांब रे, आधी आवाज बघू!"

आणि गाणं सुरू झालं. शेजारच्या कोंबड्या उडाल्या. चिनारा अंगणात गिरक्या घ्यायला लागली, कुंपणावर माणसं गोळा झाली, कुणी शिट्टी मारली. आत एसेनगुल दोन्ही हातांनी काच पेलून, शरण आल्यासारखा बसला होता. पण... पण हे काय? ढोल कसा खोल, गोल वाजत होता! माशी नाही, डबा नाही. घोड्याची टाप मऊ जमिनीवर पडावी तसा एकेक ठोका थेट छातीत उतरत होता. इतक्या वर्षांत त्याची गाडी अशी कधी गायली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हात वर असल्याने पुसताही येईना.

काच बसली, सळई लागली, मामा सुटला. जेवायला बसले, तेव्हा मटणावर नेहमीच्या शेवया नव्हत्या, हातांनी तोडलेले कणकेचे गोळे होते. मामी कुणाशीच बोलत नव्हती. एसेनगुलने घास बाजूला ठेवला.

"मागून टाक बाई," तो म्हणाला. "तिसरं. होऊन जाऊ दे एकदाचं."

चिनारा लाजली. "खरं तर मी पिल्लू मागायला आले होते."

"पिल्लू!" एसेनगुल ताडकन उठला. "घे की! आत्ता घे! त्याची आईपण घे!"

"पण आता नको," ती खिन्नपणे म्हणाली. "चोर निघाला ना तो. मी विचार करून सांगते. दुसरं काहीतरी बघते."

दुसरं! तिची नजर सावकाश अंगणात फिरू लागली. झाड... मोजे... एसेनगुलला घाम फुटला.

"अगं, तो चोर नाही!" तो ओरडला. "देवासारखा आहे तो! स्पीकर मी काढले. मीच पेंढ्यात लपवले!"

"तू? कशाला?"

"तू गाडी मागू नयेस म्हणून!"

चिनाराने मामाकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग पुन्हा मामाकडे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "गाडीसुद्धा मागता येते?"

मामीला दिवसभरात दुसऱ्यांदा मजा वाटली. ती डोक्याच्या रुमालाआड तोंड लपवून खोकत राहिली.

एसेनगुलने दात दाखवून गाडी दिली. लायसन्स मिळायला चिनाराला अजून दोन वर्षं होती. तोवर गाडी मामानेच ठेवायची, धुवायची आणि चालवायची असं ठरलं. गाणी मात्र मालकिणीच्या आवडीची. पिल्लू तिच्या मांडीवर आपोआप येऊन बसलं. खोटा आळ घेतल्याची भरपाई म्हणून ते वेगळं मोजायचं नाही, असा निवाडा तिनेच दिला.

तिला बस अड्ड्यावर सोडून एसेनगुल परत आला. गाडीत थोडा वेळ नुसताच बसून राहिला. मग अचानक ताठ झाला. अरे, आपणही कुणाचे तरी भाचेच की! आणि आपलंही तिसरं मागणं अजून शिल्लक आहे!

त्याने नारीन गावात राहणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या मामाला फोन लावला. "मामा, बरे आहात ना? ती साइडकारवाली मोटारसायकल चालते का हो अजून? उद्या येतोय मी."

पलीकडे घाईघाईने अंगणात धावणारी पावलं ऐकू आली. मग लोखंडावर पाना आपटल्याचा आवाज आला.

"ये की रे बाळा," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "पण तिचं चाक निखळलंय बघ. आत्ताच."