जावयाने बांधलेलं देऊळ

जावईबापूंनी चिकटवलेली वस्तू कधी सुटत नाही, असं ते स्वतःच सांगत. त्यामुळे त्यावर शंका घ्यायला कुणाला जागाच उरत नसे. त्यांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवायचे आणि हे आपल्या लहानशा कारखान्यात बसून गावभराची तोंडं भरायचे. "एक वेळ माणूस सुटेल, माझा दात सुटणार नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. बायकोने ते लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं, आणि पुढे रोजच.

त्यांचे सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. वाचनालयाने त्यांना प्राचीन माया लोकांच्या देवळांवर व्याख्यान द्यायला बोलावलं, म्हणून ते लेकीकडे मुक्कामाला आले होते. लोकांना नुसतं ऐकवण्यापेक्षा काहीतरी दाखवावं, म्हणून ग्रंथपालबाईंनी खेळण्यातल्या विटांचा एक मोठा खोका पाठवला. एकात एक विटा दाबत गेलं की पायऱ्यापायऱ्यांचं उंच देऊळ तयार! पण सासरेबुवांचा हात थरथरायचा. जावईबापू लगेच बाह्या सरसावून पुढे आले. "बाबा, तुम्ही फक्त बोलायचं बघा. देऊळ माझ्याकडे लागलं."

इथवर सगळं ठीक होतं. पण सासरेबुवांनी बोलता बोलता सांगितलं की हे माया लोक समोरच्या दातांना भोक पाडून त्यात हिरवे खडे बसवायचे, आणि ते असे चिकटवायचे की हजार वर्षांनी सापडलेल्या कवट्यांमध्येही खडे जागच्या जागी आहेत. झालं! जावईबापूंना ते धंद्यातल्या एखाद्या भाऊबंदाने दिलेल्या आव्हानासारखं लागलं. दुसऱ्याच दिवशी ते कारखान्यातून दात चिकटवायचं सिमेंट घेऊन आले.

बायको म्हणाली की अहो, या विटा नुसत्या दाबल्या तरी बसतात. त्यावर जावईबापूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती दात थुंकीवर टिकतील म्हणत होती. प्रत्येक विटेखाली सिमेंटचा ठिपका पडला. देऊळ चढत गेलं. पोटात मोकळी जागा होती, तिच्यावर एक छोटी खोली आणि माथ्यावर तुरा. शेवटची वीट बसवून त्यांनी बायकोला त्यातली एक तरी वीट उपटून दाखवायला सांगितलं. एक कण हलला नाही.

याच धामधुमीत सासरेबुवांच्या कवळीला चीर गेली होती. घरातच कारागीर असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून त्यांनी ती जावयाच्या हवाली केली. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी ती परत मागितली.

"दिली की तुम्हाला," जावईबापू म्हणाले.

"मला? केव्हा?"

"बाबा, काम झालं की कवळी मी गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो. मध्ये टेबल नाही, कपाट नाही. धंदा सुरू केल्यापासूनचा नियम आहे माझा."

सासरेबुवांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. तो रिकामा होता.

मग घराची झडती सुरू झाली. गाद्या उलटल्या, खिसे उलटले, पिठाचा डबा चाळून झाला, धुण्याच्या यंत्रात डोकं घालून झालं. कवळी नाही ती नाहीच. हळूहळू बायको वडिलांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. परवा त्यांनी चष्मा कपाळावर असताना घरभर शोधला होता, तेही आता तिला आठवलं. जावईबापूंनी मोठ्या मनाने सांगितलं की वयोमानाने असं होतं, आपण सांभाळून घ्यायचं. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याने विसरभोळेपणाच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. हे सगळं शेजारच्या खोलीत, दबक्या आवाजात चाललं होतं. पण सासरेबुवांचे दात गेले होते, कान नव्हे.

ते खिडकीशी बसून सनावळ्या म्हणू लागले. राजे, लढाया, तह. एकही चुकली नाही. तरी शेवटी त्यांनी लेकीला हाक मारली. दात नसल्यामुळे शब्द मऊ पडत होते.

"उद्या मी बोलणार नाही. हातात ठेवलेली कवळी ज्याला आठवत नाही, त्याने लोकांना इतिहास सांगू नये."

बायकोचे डोळे भरून आले. जावईबापूंनाही फार वाईट वाटलं. निदान आपलं देऊळ तरी दगा देणार नाही, असा त्यांनी मनाला दिलासा दिला. सगळ्यांना निमंत्रणं गेली होती, म्हणून नुसतं येऊन खुर्चीवर बसा, अशी ग्रंथपालबाईंनी गळ घातली. सासरेबुवा खालमानेने कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात निघताना जावईबापूंनी देऊळ उचललं, आणि आतून आवाज आला.

खडखड.

जावईबापूंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांना लख्ख आठवलं. चीर सांधून झाली होती. टेबलावर सगळीकडे विटाच विटा. कवळी वाळेपर्यंत कुणाचा धक्का लागू नये म्हणून सुरक्षित जागा हवी होती, आणि देवळाच्या अर्धवट पोटाइतकी सुरक्षित जागा घरात दुसरी नव्हती. तळहात, नियम वगैरे रोजचं होतं. त्या दिवशीचं हे होतं!

 देऊळ त्यांनी गाडीत सासरेबुवांच्या मांडीवर ठेवलं आणि अगदी बैलगाडीच्या चालीने गाडी चालवली. तरी पहिल्या गतिरोधकावर खडखड झालीच. जावईबापू मोठ्याने खोकले. दुसऱ्यावर पुन्हा खडखड, पुन्हा खोकला. बायकोने आल्याची वडी पुढे केली.

"गाडी थांबवा," सासरेबुवा म्हणाले.

त्यांनी देवळाला कान लावला. हळूच हलवलं. पुन्हा हलवलं.

"माझे दात."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. "फोडा ते," ती एवढंच म्हणाली. जावईबापूंनी रस्त्याच्या कडेला देऊळ ठेवून गाडीतल्या पान्याने घाव घातले. पान्याचा दांडा वाकला. वीट हलली नाही. आपल्या कारागिरीचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा संताप आला.

सासरेबुवा आधी थक्क होऊन बघत राहिले. मग हसायला लागले. बोळक्या तोंडाने, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे मी विसरलोच नव्हतो," ते लेकीला पुन्हा पुन्हा सांगत होते. लेक हसतही होती आणि रडतही होती. मग त्यांनी देऊळ पुन्हा मांडीवर घेतलं. "चला, उशीर होतोय. मला बोलायचंय."

आणि बोलले! दातांशिवाय बोलले, तरी मागच्या रांगेतले लोक पुढे सरकून ऐकत होते. सनावळी एक चुकली नाही. शेवटी त्यांनी देवळाच्या माथ्यावर हात ठेवला.

"माया लोक आपल्या राजाला अशा देवळाच्या पोटात पुरायचे. सोबत त्याच्या मौल्यवान वस्तू ठेवायचे आणि वरून पक्कं बंद करायचे." मग ते थांबले. पहिल्या रांगेत नजर टाकली. "पण आधी तो राजा मेलाय याची खात्री करून घ्यायचे. माझ्या जावयाला तेवढाही धीर निघाला नाही."

त्यांनी देऊळ उचलून हलवलं. खडखड सगळ्या सभागृहाने ऐकली. ती कशाची हे त्यांनी सविस्तर सांगितलं, तेव्हा हशा थांबता थांबेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं जावईबापूंना झालं. पण तीही चांगलीच चिकटलेली होती.

कारखान्यातल्या करवतीने देऊळ कापता आलं असतं. सासरेबुवांनीच नको म्हटलं, आणि ते वाचनालयाला देऊन टाकलं. नवी कवळी जावईबापूंनी बायको, मेहुणा आणि शेजारी अशा सगळ्यांच्या देखत त्यांच्या तळहातावर ठेवली. देऊळ आता काचेच्या कपाटात आहे. खाली सासरेबुवांच्या वळणदार अक्षरात पाटी आहे : 'आत काय आहे, ते जावयाला विचारा.'

लोक खरंच कारखान्यात येऊन विचारतात. जावईबापू हातातल्या कवळीवरून नजर न उचलता म्हणतात, "आठवत नाही हो. वयोमानाने होतं असं."