रविवारचं कोबाल्ट

आमचे सर चहात आलं वजन करून घालतात. खरंच! लॅबच्या काट्यावर! मी पहिल्या दिवशी चिमूटभर टाकायला गेले तर सर किंचाळलेच, "अगं, टक्का सांग, टक्का!" वांग्याच्या भरतात मिरची असो की लग्नाच्या पंगतीत पाहुणे, सरांना सगळं टक्क्यात लागतं.

याला कारण त्यांचे स्फटिक. जळगावात, आमच्या लॅबच्या भट्टीत, सर लोखंड-आर्सेनिकचे काळे चकचकीत स्फटिक बनवतात. नुसता स्फटिक थंड केला की आतले लोखंडाचे अणू रुसल्यासारखे बसतात. एकाचं चुंबक इकडे, शेजारच्याचं बरोब्बर तिकडे! पण काही लोखंड काढून तिथे थोडंसं कोबाल्ट घातलं, की रुसवा ढिला पडतो. मग खूप थंडीत वीज अशी पळते, अडथळा शून्य! कोबाल्ट जास्त झालं तर मात्र रुसवाही गेला आणि पळणंही गेलं.

एका रविवारी सरांनी आम्हा पाचही विद्यार्थ्यांना एसटीत घातलं आणि धुळ्याजवळ त्यांच्या गावी नेलं. ओट्यावर त्यांचे वडील, आबा, रस्त्याकडे तोंड करून बसलेले. सर दाराकडे तोंड करून बसले. झालं! आबांनी आम्हा पाचही जणांचं गाव, मामा, आजोळ सगळं विचारलं. सरांशी एक शब्द नाही.

परतीच्या एसटीत सर हळहळले, "डोस जास्त झाला गं."

"कसला डोस, सर?"

"आई होती तोवर आबा तिला सांगायचे, ती मला सांगायची. ती गेली आणि आमचं बोलणंच थांबलं. भांडण नाही काही. जमतच नाही." मग एकदम उजळून, "पुढच्या रविवारी एकटीच ये. पाचात एक!"

म्हणजे मी कोबाल्ट! गेले ना. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढून झाली. आबा माझ्याशी बोलत होते, सर माझ्याशी बोलत होते, आणि मी मधे टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान फिरवत होते. तेवढ्यात मम्मीचा फोन आला. मी अंगणात गेले.

आतून आबांचा आवाज, गावच्या बोलीत, "ती पोर कथा गयी रे?"

"फोन उना तिले."

मला वाटलं, संपलं बोलणं. धावत आत जाणार, तोच आबा म्हणाले, "तू वाळी गया रे."

"नही आबा. शर्टच मोठा शे."

"दखाड बरं, हात दखाड."

मम्मीने फोन कधीच ठेवला होता. मी तो तसाच कानाला लावून, शेवग्याखाली येरझाऱ्या घालत, चांगला अर्धा तास मोठमोठ्याने म्हणत राहिले, "हो का? अय्या! मग काय झालं?"