कांद्याच्या काट्यावर

“पोरगी गुणाची आहे हो, पण हात तुपाचा. चार महिन्यांत तिघांना फुगवलं तिनं.”

मथुराबाई हे नवऱ्याला, नागोरावांना, खासगीत सांगत होत्या. त्यांच्या नव्या सुनेने, राजनंदिनीने, ते गॅलरीत कपडे वाळत घालताना ऐकलं आणि हातातला टॉवेल पुन्हा एकदा पिळला. (तो मशीनमधून कोरडाच निघाला होता.) बिबवेवाडीच्या त्या फ्लॅटमध्ये तिचं म्हणावं असं अजून काहीच नव्हतं. एक स्वयंपाकघर तेवढं सासूबाईंनी लग्नानंतर तिच्या हवाली केलं होतं.

सगळं त्या सीडीने झालं. तिचा नवरा योगेश याने हिंजवडीच्या ऑफिसातून फास्ट फूड आणि लठ्ठपणा यांवरचा एक माहितीपट आणला आणि रविवारी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. बघता बघता तोंडात टाकायला म्हणून राजनंदिनीने कांदाभजी तळली. पडद्यावरच्या अमेरिकन गृहस्थाला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागली, तसे भजीकडे निघालेले तीन हात वाटेतच थांबले. नागोरावांनी मार्केट यार्डात गोण्यांचं वजन करणारा तोलणार म्हणून तीस वर्षं काढलेली. “साडेतीन गोणी भरेल,” एवढंच ते म्हणाले. मथुराबाईंना त्या गृहस्थाच्या बायकोची दया आली. योगेशने ‘नो आउटसाइड फूड’ अशी शपथ घेतली, आणि ती इंग्रजीत असल्यामुळे घरात सगळ्यांना लागू झाली.

महिनाभर उकडलेला दुधी आणि भाकरी. नागोरावांनी यार्डातल्या ओळखीच्या गाळ्यावर नेऊन चौघांना कांद्याच्या काट्यावर चढवलं आणि आकडे डायरीत घेतले. महिन्याने ते उतरले नाहीत, तर स्वयंपाकघर परत मथुराबाईंकडे.

राजनंदिनी रोज चौघांचं मोजून रांधायची. पण जेवायच्या वेळी रोज कुणाला तरी भूकच नसायची, कधी कधी तिघांनाही. घरातले कपडे तीच धुवायची, तेव्हा सासऱ्यांच्या रुमालाला वड्याची लाल चटणी, योगेशच्या खिशात सॉसची पुडी आणि सासूबाईंच्या भजनाच्या पिशवीत भेळेचा कागद, हे तिला पाठ झालं होतं. अन्न टाकायचं नाही हे माहेरचं वळण. म्हणून ओट्याशी उभी राहून उरलेल्या सगळ्या भाकऱ्या ती एकटीच संपवायची.

महिना झाला. सगळे पुन्हा गाळ्यावर.

योगेश दोन किलो वर. “बूट आहेत,” तो म्हणाला. रिकाम्या गोणीचं वजन मालातून वजा करतात, तसे नागोरावांनी बूट वजा केले. मथुराबाईंच्या बांगड्या वजा झाल्या. (त्या काचेच्या होत्या.) स्वतःचा आकडा पाहून नागोरावांनी काट्यालाच दोष दिला, तीस वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी राजनंदिनी चढली. नागोरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाच किलो वर. वजा करायला काही सापडेना. चपलासुद्धा तिने प्रामाणिकपणे काट्याखाली काढून ठेवल्या होत्या.

“मी म्हटलं नव्हतं?” मथुराबाई नवऱ्याच्या कानात पुटपुटल्या, पण या वेळी सुनेला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

राजनंदिनी काट्यावरून उतरली नाही.

“रुमाल, खिसे आणि भजनाची पिशवी मीच धुते, बाबा,” ती म्हणाली. “गोणी तेवढी माझी आहे. आतला माल तुमच्या तिघांचा.”