सिंहाच्या शिळेवर सबवूफर

एका जंगलात एक सिंह राहत होता, आणि त्याच्या गुहेत सिनेमाचा पडदा होता.

थांबा. हात खाली करा. पडदा कुठून आला, वीज कुठून आली, हे प्रश्न गोष्ट संपल्यावर विचारा. सिंह बोलतो म्हटलं की तुम्ही निमूट मान डोलावता. त्याच्याकडे पडदा आहे म्हटलं की लगेच तुमच्यातला तपासनीस जागा होतो. अशानं गोष्ट पुढे जात नाही.

तर सिंहाचं नाव होतं भीमनाद. तो जंगलाचा राजा होता. त्या जंगलात राजा ठरवायची रीत फार सोपी होती. गुहेत एक उंच शिळा होती. त्या शिळेवर जो बसतो आणि ज्याचा आवाज जमिनीतून सगळ्यांच्या पायांना जाणवतो, तो राजा. बाकी कसली चौकशी नाही. तुमच्याकडे यापेक्षा फार वेगळी रीत आहे, असं मला वाटत नाही, पण ते असो.

भीमनाद महाराज शिळेवर रोज बसत. आवाजाचं मात्र अवघड झालं होतं. वयानं त्यांचा घसा बसला होता. डरकाळी फोडायला जावं, तर गंजलेलं दार करकरल्यासारखा आवाज निघे. प्रजा अदबीनं दचकल्यासारखं करी. पण खोटं दचकणं कळतं हो. ज्यानं आयुष्यभर खरं दचकणं पाहिलं, त्याला तर लगेच कळतं. महाराजांना भीती वाटू लागली होती. आपली शिळा जाईल, ही एकच भीती. ती ते कुणाला सांगत नसत.

संध्याकाळी ते सिनेमा बघत. सिनेमात लढाया असत, डोंगर कोसळत, आणि एखादा तरणाबांड सिंह कड्यावर उभा राहून डरकाळी फोडे. पण पडद्याशेजारचे स्पीकर होते बारके. डरकाळी कानापर्यंत येई, पोटापर्यंत येत नसे.

"आपण एक सबवूफर घेऊ," एक दिवस महाराज म्हणाले.

सबवूफर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तरी सांगतो, कारण तुम्ही माहीत असल्यासारखा चेहरा करण्यात पटाईत आहात. सबवूफर म्हणजे खालच्या आवाजाचा डबा. जो 'धुम्म' कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त ऐकू येतो, तो या डब्यातून निघतो.

"घेऊ या की," राणी गुणवंतीदेवी म्हणाल्या. "माझ्या गाण्यांत डग्गा ऐकूच येत नाही. नुसता तबला टिकटिकतो."

"गाण्यांसाठी नाही. सिनेमासाठी."

"तुमच्या त्या धडामधुडुमसाठी? त्याला डबा कशाला हवा? एक मोठा दगड ढकला वरून."

गाणी की सिनेमा, यावरून दोघांचं नेहमीसारखं जुंपलं. गुहेत डबा मावणार एकच. तेव्हा प्रधान पुढे झाले. प्रधान म्हणजे तरस. नाव हसरे. ते नेहमी हसत, आणि का हसतात हे कुणालाही सांगत नसत.

"महाराज, तज्ज्ञ बोलवू या," हसरे म्हणाले. "लोंबकळे पंडितांना."

लोंबकळे पंडित हे वटवाघूळ होतं. ध्वनिशास्त्रात त्यांच्या तोडीचं जंगलात कुणी नव्हतं. आता खरं सांगायचं, तर वाघळांना ऐकू येतं ते फक्त बारीक, चिरकं. खालचा आवाज त्यांच्या कानात शिरतच नाही. पंडितांनी जन्मात सबवूफर ऐकलेला नव्हता. म्हणूनच सबवूफरबद्दल त्यांचं मत निःपक्षपाती मानलं जाई.

पंडित आले, गुहेच्या छताला उलटे लटकले आणि बोलू लागले.

"महाराज, डबे दोन जातींचे. एक बंद डबा. त्याला कुठेही भोक नसतं. ठोका पडला की वाजतो आणि ठोका संपला की गप्प बसतो. तो संगीताला उत्तम. दुसरा भोकाचा डबा. त्याच्या पोटातली हवा भोकातून बाहेर येते. तो जोरात वाजतो, खोलवर वाजतो, आणि ठोका संपला तरी घुमत राहतो. तो सिनेमाला उत्तम. डोंगर कोसळला, की तो नेमका केव्हा कोसळायचा थांबला, हे प्रेक्षक विचारत नाहीत."

"मग आम्ही कोणता घ्यावा?"

"आपण जास्त काय ऐकता?"

"सिनेमा!" महाराज म्हणाले.

"गाणी!" राणीसाहेब म्हणाल्या. दोघं एकदमच बोलले.

"मग दोन्ही डबे आणून लावून बघू," पंडित म्हणाले. "पण लक्षात ठेवा, डब्याच्या जातीपेक्षा डब्याची जागा महत्त्वाची. गुहेत खालचा आवाज सगळीकडे सारखा पसरत नाही. एका कोपऱ्यात साचतो, दुसरीकडे नाहीसाच होतो. योग्य जागा शोधायची एक पद्धत आहे. डबा ऐकणाऱ्याच्या जागेवर ठेवायचा, आणि ऐकणाऱ्यानं जमिनीवर रांगायचं. रांगता रांगता जिथे आवाज सगळ्यात चांगला लागेल, ती डब्याची जागा. मग डबा तिथे न्यायचा आणि आपण आपल्या जागेवर जाऊन बसायचं."

"आमची ऐकायची जागा म्हणजे शिळा," महाराज म्हणाले.

"मग डबा शिळेवर."

हसू नका. ही पद्धत खरी आहे. मोठमोठे शौकीन लोक हॉलमध्ये सोफ्यावर डबा बसवून, स्वतः गुडघ्यांवर रांगतात. बायका-मुलं दारातून बघत असतात.

पहिल्यांदा बंद डबा आला. शिळेवर बसला. राणीसाहेबांनी गाणं लावलं आणि त्या हनुवटी जमिनीला टेकवून भिंतीकडेने सरपटू लागल्या. एका ठिकाणी डग्ग्याचा घुमारा इतका स्वच्छ आला, की त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"अहो, बोट घासलेलंसुद्धा ऐकू येतंय!"

"मांजर चालल्यासारखं वाटतंय," महाराज म्हणाले. "दुसरा आणा."

दुसरा आला. चांगला रानडुकराएवढा होता, आणि पुढे भलंमोठं भोक. प्रधान हसऱ्यांनी तो स्वतः शिळेवर चढवला, पुसला, आणि जरा मागे उभं राहून बघितला.

"शोभतो," ते म्हणाले.

महाराजांनी लढाईचा सिनेमा लावला आणि खाली उतरले. सिंह चार पायांवरच तर चालतो, मग रांगणं वेगळं काय, असं मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं. मी ऐकलं. वेगळं असतं, बाळ. चालताना डोकं वर असतं. महाराजांनी पोट जमिनीला टेकवलं, कान भिंतीला लावला, आणि ते इंचाइंचानं पुढे सरकू लागले. आयाळीत कोळिष्टकं गुंतली. या डब्यात डग्गा कसा लागतो ते बघायला राणीसाहेब दुसऱ्या बाजूने रांगू लागल्या.

"इथे बरा आहे!"

"छे, इथे फुगतो. पुढे सरका."

दरबार भरायची वेळ झाली, हे दोघांच्या लक्षातच राहिलं नाही. प्रधानांच्या लक्षात होतं. ते काही बोलले नाहीत.

सगळ्यांत आधी आलं एक म्हातारं सांबर. पाणवठ्याची तक्रार घेऊन आलं होतं. सांबरांच्या पाणवठ्यावर तरस ठाण मांडून बसले होते. सांबर दारातच थबकलं. शिळेवर एक काळा डबा बसला होता, आणि त्याच्यापुढे राजा-राणी पोटावर सरपटत होते. सांबराने आजवर महाराजांना कुणापुढे मान झुकवतानाही पाहिलं नव्हतं. त्यानं सरळ विचार केला. ज्याच्यापुढे महाराज सरपटतात, तो महाराजांपेक्षा मोठा असणार.

तेवढ्यात सिनेमात किल्ल्याचा बुरूज ढासळला. जमीन हादरली. सांबर दचकलं. खरंखुरं दचकलं, चारही खुरांपासून शिंगांपर्यंत. मागून आलेले ससे, कोल्हे, रानगवे, सगळे दचकले आणि मटकन खाली बसले.

"प्रधानजी," सांबर कुजबुजलं, "हे वर कोण बसलेत?"

हसऱ्यांनी क्षणभर विचार केला. "तुम्हाला कोण वाटतात?"

"महाराज वाटतात."

"प्रजेच्या मताला आम्ही नेहमीच किंमत देतो," हसरे म्हणाले.

सांबर पुढे झालं. डब्यापुढे त्यानं गुडघे टेकले. "महाराज, न्याय करा. पाणवठा आमचा, का तरसांचा?"

पडद्यावर घोडदळ येत होतं. डबा म्हणाला, "घुंऽऽऽम. मऽऽऽ. मऽऽऽ."

"तरसांचा म्हणाले," प्रधान म्हणाले.

"पण ते तर नुसतं 'घुंम' म्हणाले."

"मोठे लोक थोडक्यात बोलतात. शेवटचा 'मऽऽऽ' ऐकलात ना? त्यात सगळं आलं."

सांबर कावरंबावरं झालं. त्यानं भिंतीलगत सरकणाऱ्या भीमनादाकडे पाहिलं. जुनी ओळख होती. "अहो, तुम्ही तरी काही बोला," ते म्हणालं.

"गप्प रे जरा!" भीमनाद खेकसला. "आत्ता कुठे लागतोय!"

न्याय झाला. प्रधानांनी तो लगेच जाहीरही केला. बंद डबा तर त्यांनी तेव्हाच परत पाठवून दिला. तो वेळेवर गप्प बसत होता. दरबारात तशांचं काय काम?

इकडे भीमनाद रांगत रांगत मागच्या कोपऱ्यात पोचला. तो अडगळीचा कोपरा होता. चघळून झालेली हाडं तिथे पडत. पलीकडून गुणवंतीदेवी रांगत आल्या, आणि दोघांची नाकं एकमेकांवर आपटली.

लढाई संपून सिनेमात गाणं लागलं होतं. डग्गा कसा यावा, तसा येत होता. गोल, स्वच्छ, जिथल्या तिथे. मग गाणं संपलं, ढग गडगडले, आणि तो गडगडाटही कसा यावा तसाच आला. भोकाच्या डब्यातून संगीतही उत्तम आणि सिनेमाही उत्तम. नुसता कोपरा बरोबर सापडायला हवा होता.

"अहो," राणीसाहेब हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण उगाच भांडलो."

भीमनादाला भरून आलं. तो उठला, आयाळ झटकली आणि म्हणाला, "प्रधान! जागा सापडली. डबा उचला आणि इथे आणून ठेवा."

पहिलं बोललं ते सांबर. हो, तेच. पाणवठा गेलेलं.

"महाराजांना अडगळीत बसवायचं?" ते संतापानं थरथरत म्हणालं. "जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

"अरे, महाराज मी आहे!" भीमनाद ओरडला. पण ते करकरणं सशांच्या रांगेपर्यंतही पोचलं नाही, कारण त्याच वेळी पडद्यावर एक डोंगर खाली येत होता.

"पंडित! तुम्ही सांगा यांना," भीमनाद म्हणाला.

लोंबकळे पंडितांनी छतावरून सगळ्या दरबाराकडे उलटं पाहिलं. "शास्त्र सांगतं," ते म्हणाले, "की डबा आणि ऐकणारा यांच्या जागांची अदलाबदल केली, तरी आवाज तोच राहतो. डबा कोपऱ्यात आणि आपण शिळेवर, किंवा डबा शिळेवर आणि आपण कोपऱ्यात. ऐकायला एकच."

"मग डबा हलवायचा कशाला?" हसऱ्यांनी विचारलं.

"ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनं कारण दिसत नाही," पंडित म्हणाले.

आता मुलांनो, नीट ऐका. डबा होता लाकडाचा. त्याला दात नव्हते, नखं नव्हती. भीमनादानं एक पंजा मारला असता, तर ढलप्या उडाल्या असत्या आणि गोष्ट इथेच संपली असती. हे त्याला कळत होतं. तो शिळेपर्यंत चालत गेला. त्यानं पंजा उचलला.

आणि सिनेमातला सिंह कड्यावर आला. त्यानं डरकाळी फोडली.

ती डरकाळी डब्यातून निघाली, जमिनीतून आली आणि भीमनादाच्या तीन पायांतून वर चढत पोटात शिरली. अगदी तश्शी, जशी त्याची स्वतःची पूर्वी असे. भीमनाद दचकला. आपल्याच आवाजाला दचकायची त्याची ही पहिलीच वेळ. त्याला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. पंजा हवेत राहिला. मग खाली आला. फोडवेना.

"इथून जरा फुगतो," तो पुटपुटला. "कोपऱ्यातून छान येत होता."

तो मागे वळला. गुणवंतीदेवींनी कोपऱ्यातली हाडं बाजूला सारून दोघांपुरती जागा केली होती. तो त्यांच्या शेजारी बसला. दरबार पुढे सुरू झाला. एकामागून एक प्राणी येत होते, डब्यापुढे गुडघे टेकत होते, आणि प्रधान हसरे त्यांना डब्याचं म्हणणं समजावून सांगत होते.

थोड्या वेळानं भीमनादानं पुढे वाकून सांबराला हलकेच ढोसलं.

"तुमची शिंगं जरा खाली घ्या," तो अदबीनं म्हणाला. "ठोका अडतोय."

तात्पर्य : सबवूफर संगीतासाठी घ्यावा की सिनेमासाठी, हे घाईनं ठरवू नये. आधी मनसोक्त रांगावं. तेवढ्यात आपली जागा दुसऱ्या कुणी घेतली, तरी वाईट वाटून घेऊ नये. तिथून ऐकायला तसंही चांगलं येत नव्हतं.