पांढऱ्यावर पांढरं

"दिसणार नाही? अहो, माझ्या लॉन्ड्रीत धुतलेली चादर आंधळ्यालाही दिसेल!" असं शेजारच्या न्हाव्याला ठणकावून तो डोंगर चढायला निघाला, तेव्हा डोंगर धुक्यात होता. म्हणजे असावा. दिसत नव्हता.

त्याची बायको नर्स. आठ महिन्यांपूर्वी तिची बदली डोंगरापलीकडच्या दवाखान्यात झाली होती. आता कायमची इथेच राहा, असं तिथले साहेब म्हणत होते आणि उद्या उत्तर द्यायचं होतं. तिने फोनवर चारदा विचारलं, "अहो, मी काय करू?" चारही वेळा हा म्हणाला, "बघ बाई, तुझं तू." खरं तर तिच्या रिकाम्या उशीचा अभ्राही हा दर आठवड्याला धुऊन इस्त्री करत होता, पण बोलायची वेळ आली की तोंडाची चेन अडकायची! शेवटी ती वैतागली. "बोलता येत नसेल, तर रविवारी सकाळी डोंगरावरून चादर हलवा. मी गच्चीवर थांबते. दिसली तर परत येईन. नाही दिसली तर इथेच राहीन."

आणि आता हा माथ्यावर, पांढऱ्याशुभ्र धुक्यात, पांढरीशुभ्र चादर हलवत उभा होता. स्वतःचे हातसुद्धा अंदाजानेच होते. फोनला रेंज नाही. ती गच्चीवरून उतरत असेल... साहेबांना हो म्हणत असेल...

आयुष्यात पहिल्यांदा तो ओरडला, "परत ये! अगं, परत ये!"

धुक्यात पावलं वाजली. आली!

आला तो पेन्शनरांचा फिरायला जाणारा क्लब. अख्खा.

"अर्धा डोंगर उतरलो होतो आम्ही!" पुढच्या निवृत्त मुख्याध्यापिका धापा टाकत म्हणाल्या. "आणि 'ये' काय? वडीलधाऱ्यांना 'या' म्हणतात!"

"तुम्हाला नाही हो, बायकोला."

"कुठंय ती?"

"पलीकडे. खाली."

"मग जाऊन सांग की, गाढवा!"

"समोर आली की जीभ टाळ्याला चिकटते."

"चिकटू दे. आम्ही आहोत ना!"

एरवी या मंडळींना रविवारी गुडघ्यांशिवाय विषय नसायचा. चुकामूक नको म्हणून सगळे चादरीचे काठ धरून निघाले. वाटेत रेनकोट घातलेलं कुणीतरी वर गेलं. सगळे म्हणाले, "सांभाळून हं!" हा तेव्हा मान खाली घालून 'परत ये'ची उजळणी करत होता.

नर्सच्या क्वार्टरला कुलूप!

"ती?" शेजारीण म्हणाली. "गच्चीवरून काही दिसेना, म्हणून वरच गेली बघायला. रेनकोट घालून."

हा उलटपावली पळणार, तोच मुख्याध्यापिकांनी त्याचा दंड धरला. "खबरदार! दोघांपैकी एकाने तरी एका जागी थांबा!"

तो पायरीवर बसला. समोर दोरीवर पांढरा युनिफॉर्म लटकत होता. कॉलर पिवळट, बाहीवर औषधाचा डाग. आठ महिने ही असल्या कॉलरने फिरली! कुणी बघणारं नाही, धुणारं नाही! त्याने युनिफॉर्म काढला, नळाखाली धरला आणि घासायला लागला.

दगड घरंगळले. चिंब भिजलेली ती वाटेवरून उतरली. क्लबने श्वास रोखला. मुख्याध्यापिकांनी त्याला कोपराने ढोसलं.

त्याने मान वर केली नाही. "हे काय धुणं झालं?" तो कॉलरकडेच बघत म्हणाला. "असं नाही चालायचं. घरी चल."

"काय म्हणालात?"

"घरी चल."

ती त्याच्याजवळ पायरीवर टेकली. "आणखी एकदा म्हणा."

"घरी चल. फार... फार मोठं वाटतं गं घर."

कुणीतरी नाक शिंकरलं. ती हसत होती की रडत होती, ओल्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्याने आणखी जोरात कॉलर घासली.

"तसा युनिफॉर्म माझा आहे," शेजारीण दारातून हळूच म्हणाली, "पण चालू द्या तुमचं."